पाण्यात उतरण्याआधी: बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या पिशवीत चार वस्तू जास्तीच्या असतात: एक परकर, दोन टॉवेल, सेफ्टी पिना आणि लिमलेटच्या गोळ्या. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बायकांना पाण्यात उतरायला आणि वर आल्यावर कपडे बदलायला मदत करायचं काम बारा-तेरा वर्षं माझ्याकडे आहे. त्याआधीचे वर्ग घेतानाही मी पास्टरांबरोबर बसते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून येणारी नवी माणसं काय विचारतात आणि काय विचारायला लाजतात, हे मला आता बऱ्यापैकी कळतं. लाजून न विचारलेलंच इथं जास्त लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. ‘विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा’ म्हणजे स्वतः विश्वास ठेवून, समजून, तोंडाने कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, ब्रदरन आणि बऱ्याच स्वतंत्र मंडळ्या हाच मानतात. कॅथलिक, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), मेथडिस्ट मंडळ्यांत लहान बाळांनाही बाप्तिस्मा देतात. मी पहिल्या गटात आहे, पण जन्मले दुसऱ्या गटात. त्याची गोष्ट पुढे येईल.

शब्दापासून सुरुवात

आमच्या उपासना निम्म्या मराठीत, निम्म्या कानडीत होतात. त्यामुळे नव्या माणसाच्या कानावर पहिल्याच महिन्यात दोन शब्द पडतात. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘बाप्तिस्मा’, कानडी शास्त्रात ‘दीक्षास्नान’. कॅथलिकांकडे मराठीत ‘स्नानसंस्कार’ही ऐकू येईल. गोष्ट एकच, पण शब्द माणसाला वेगवेगळ्या दिशांना नेतात.

बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक. ‘बाप्तिझो’ म्हणजे बुडवणं, बुचकळणं. त्यात अंघोळ नाही आणि पावित्र्यही नाही. याउलट ‘स्नान’ म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी केलेलं स्नान येतं, कृष्णेचा घाट येतो, पर्वणी येते. मग वर्गात हमखास प्रश्न निघतो, “म्हणजे पाप धुऊन जातं की ओ?”

नाही. पाण्यात तशी काही शक्ती नाही. पास्टर प्रार्थना करतात ती माणसासाठी करतात, पाणी पवित्र व्हावं म्हणून नव्हे. बाप्तिस्मा झाल्यावर तेच पाणी शेताला जातं, म्हशी पितात. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:21) हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलंय: बाप्तिस्मा म्हणजे शरीराचा मळ काढून टाकणं नव्हे. पाप क्षमा होतं ते ख्रिस्तावरच्या विश्वासाने. वधस्तंभावर येशूच्या शेजारी जो चोर होता, त्याला पाण्याचा थेंबही मिळाला नाही, आणि तरी येशूने त्याला सुखलोकाचं वचन दिलं (लूक 23).

मग पाण्यात उतरायचं कशाला? प्रेषित पौल रोमकरांना लिहिताना (6:3-4) पुरण्याची भाषा वापरतो. ख्रिस्ताबरोबर मेलो, त्याच्याबरोबर पुरलो गेलो, आणि तो उठला तसे आपणही नव्या जीवनात चालायला उठलो. खाली जाणं म्हणजे पुरणं, वर येणं म्हणजे उठणं. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. इथं लिंगायतांतही पुरतात, मुसलमानांतही पुरतात; माती लोटल्यावर माणूस संपला, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जुना मी संपलो, असं चार लोकांसमोर सांगणं म्हणजे बाप्तिस्मा. लग्नात हार घातल्याने प्रेम निर्माण होत नाही, पण हार घातल्यावर गावाला कळतं. माझ्या मते एवढी तुलना पुरेशी आहे, तिला जास्त ताणू नये.

तुम्ही स्वतः मागताय का?

ही खरी पहिली पायरी, आणि इथं मी माणसाला सगळ्यात जास्त वेळ थांबवते.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी रथातून चाललेला असतो. फिलिप्प त्याला यशयाच्या पुस्तकातून ख्रिस्ताविषयी सांगतो. वाटेत पाणी दिसतं आणि अधिकारीच म्हणतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण? विषय फिलिप्पाने काढलेला नाही, घेणाऱ्याने काढला आहे. वर्गात मी हा भाग वाचायला लावते आणि मग विचारते, “तुमच्या बाबतीत पहिल्यांदा कोण बोललं?”

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. “मालकांनी घेतला म्हणून मी घेते.” “पोरीचं लग्न मंडळीत ठरतंय, तिकडची माणसं दाखला मागताहेत.” “माझी कंबर बरी झाली, पास्टरअण्णांनी प्रार्थना केली होती, नाही कसं म्हणू?” यातलं कुठलंच कारण वाईट नाही, माणूस अशाच कुठल्यातरी दारातून आत येतो. पण पाण्यात जो प्रश्न विचारला जाणार आहे, त्याचं उत्तर यातल्या एकाही कारणात नाही. प्रश्न असा असतो: “येशू ख्रिस्त तुझा तारणारा आणि प्रभू आहे, असा तुझा विश्वास आहे का?” तिथं मालक तुमच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. मीही म्हणू शकत नाही, आणि मी तर हाताच्या अंतरावर उभी असते.

इतिहासातही मुद्दा हाच होता. 21 जानेवारी 1525 च्या रात्री स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही माणसं एका घरात जमली. या सगळ्यांचा लहानपणी बाप्तिस्मा झालेला होता. त्यातल्या जॉर्ज ब्लाउरॉकने कॉनराड ग्रेबेलला विनंती केली, माझ्या विश्वासावरून मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलने दिला, मग ब्लाउरॉकने इतरांना दिला. त्या रात्री नदी नव्हती, हौद नव्हता, पाणी डोक्यावर ओतलेलं होतं. म्हणजे पाणी किती, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. मागणारा कोण, हा होता. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला 1527 च्या जानेवारीत लिमाट नदीत बुडवून मारलं. पाण्याचा आग्रह धरणाऱ्याला पाण्यातच शिक्षा, असा तो क्रूर हिशेब होता. बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा, हा आग्रह बॅप्टिस्टांत पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पक्का झाला. तिथून तो मिशनरी विल्यम कॅरेंबरोबर बंगालला आला. 28 डिसेंबर 1800 रोजी सेरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. याच सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार मोडी लिपीत निघाला.

आणि आपल्या गावचं सांगायचं तर, मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले आणि 1854 साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते तेव्हा तेवीस वर्षांचे होते. कित्येक वर्षं मनात घोळवून घेतलेला निर्णय होता तो. कुणी मला म्हणालं, “आक्का, पुढच्याच रविवारी उरकून टाकूया,” की मला ते आठवतात.

तर सहा महिने लागू द्या, वर्ष लागू द्या. शास्त्रात त्याच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली माणसं आहेत, हे खरं. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, सुमारे तीन हजार, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी तर मध्यरात्री. त्यामुळे थांबणं हा काही देवाचा नियम नाही. पण घाई कुणाची आहे, तेवढं बघा. तुमची असेल तर बोलू. दुसऱ्या कुणाची असेल, तर थांबा.

वर्ग

बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्म्याआधी चार ते आठ आठवडे वर्ग असतो. आमच्याकडे उपासनेनंतर तासभर बसतात. देव, पाप, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, पश्चात्ताप, पवित्र आत्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं), मंडळीतल्या जबाबदाऱ्या असे विषय. वाचता येत नसेल तर सांगा. ऐकून शिकलेल्या आज्ज्या माझ्यापेक्षा चांगली उत्तरं देतात.

वर्गात तुम्हीही विचारा. हे पाच मिनिटांत विचारून होतं आणि नंतरचे घोळ टळतात: बुडवून देणार की ओतून? ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ देणार ना? (काही गट फक्त येशूच्या नावाने देतात, मुख्य प्रवाहातल्या मंडळ्या तो बाप्तिस्मा मानत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं.) दाखला मिळेल का? पैसे लागतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर उठून या. बाप्तिस्म्याला फी नसते. तसंच, बाप्तिस्मा घेतल्यावर तुम्हाला काही मिळेल, नोकरी, पोराची फी, पत्रा, असं कुणी सुचवत असेल तर तिथूनही उठून या.

शेवटच्या आठवड्यात ‘साक्ष’ तयार करायची असते. साक्ष म्हणजे मी ख्रिस्ताकडे कसा आलो, हे दोन-तीन मिनिटांत मंडळीसमोर सांगणं. भाषण नको. आधी कसा होतो, काय घडलं, आता काय बदललंय, एवढंच. नवऱ्याची दारू, सासूचा छळ, भावकीतली भांडणं नावानिशी सांगायची गरज नाही, ती माणसं उद्या तुमच्याच गल्लीत भेटणार आहेत. कानडीत बोलायला जमत नसेल तर मराठीत बोला, आम्ही कानडीत उल्था करून सांगतो.

मुलांबद्दल विचारतात. ठरलेलं वय नाही. आमच्याकडे साधारण बारा-तेरा वर्षांनंतर आणि आईवडिलांच्या संमतीने. मुलाने स्वतः विचारायला हवं. शेजारच्या पोराने घेतला म्हणून मागत असेल तर एक वर्ष जाऊ दे, काही बिघडत नाही.

घर

आता अवघड भाग.

माझे वडील, म्हणजे तात्या, मेथडिस्ट; आजोबाही. कॅम्पातल्या मंडळीत माझ्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा झाला तेव्हा मी चार महिन्यांची होते. त्याचा फोटो अजून घरी आहे, मी आईच्या मांडीवर, तोंड वाकडं करून रडतेय. बाविसाव्या वर्षी मी दुसऱ्या मंडळीत जायला लागले आणि तात्यांना सांगितलं की मी बाप्तिस्मा घेणार आहे. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसून राहिले आणि मग म्हणाले, “मग आम्ही तुला दिला तो काय होता?”

याला माझ्याकडे तेव्हा तयार उत्तर होतं. वर्गात शिकलेलं. बाळाला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तो बाप्तिस्माच नव्हता. मी ते फाडकन बोलले. आज त्याची लाज वाटते. मत चुकीचं होतं म्हणून नाही, माझं मत आजही तेच आहे. पण तात्यांच्या बाजूलाही शास्त्र आहे. नव्या करारात लुदिया नावाच्या बाईच्या सगळ्या घराचा, तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराचा बाप्तिस्मा झाला, त्या घरांत लेकरं नसतील का? जुन्या करारात आठ दिवसांच्या मुलाची सुंता होत होती, कराराची खूण म्हणून. ते मूल कुठं विश्वास ठेवत होतं? बाळाला पाणी देणारे म्हणतात, देव आधी हात पुढे करतो, माणूस नंतर तो धरतो. म्हणून मूल मोठं झाल्यावर त्याचं दृढीकरण करतात, म्हणजे तो विश्वास त्याच्या तोंडून कबूल करून घेतात, आणि बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देत नाहीत. शतकानुशतकं विचार करून बोललेली माणसं आहेत ती. तुम्हाला पटलं नाही तरी ‘काहीच नव्हतं’ असं आईवडिलांच्या तोंडावर म्हणू नका. मी म्हणायला हवं होतं ते असं: “तात्या, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी जे मागितलं, ते मला मिळालं. आता मी माझ्या तोंडाने सांगणार आहे.”

तात्या नदीवर आले नाहीत. आई आली, लांब उभी राहिली.

दुसरं टोक म्हणजे हिंदू किंवा दुसऱ्या धर्माच्या घरातून येणारी माणसं. त्यांच्यासाठी सांगायचं तर, चोरून घेऊ नका. “घरी कळू न देता उरकूया” असं कुणी सुचवलं तर ते धैर्य नव्हे, आणि नंतर फार महाग पडतं. घरात आधी सांगा, एकदम सगळ्यांना नको, ज्याच्याशी बरं जमतं त्याला आधी. बहुतेक घरांत पहिला प्रश्न देवाचा नसतोच. “उद्या तेरावं कोण करणार? भावाच्या लग्नात अक्षता टाकायला येणार की नाही? नाव बदलणार काय?” असं विचारतात. नाव बदलायची गरज नाही, हे ठामपणे सांगा. लग्नाला जरूर जा, वाढायला उभं राहा. बाकीच्या विधींचं काय, ते पास्टरांशी एकेक करून बोला, एका दमात सगळ्याला नाही म्हणू नका. नवरा-बायकोपैकी एकालाच घ्यायचा असेल तर दुसऱ्याला वर्गाला नुसतं बसायला बोलवा. चहा घ्या, ऐका, पटलं नाही तर घरी जा. असे बसायला आलेले तिघे नवरे माझ्या ओळखीचे आहेत. दोघांनी पुढे काही घेतलं नाही, पण बायकोला सोडायला आणि न्यायला मोटारसायकल घेऊन आले.

कागद आणि कायदा

राज्यघटनेचं 25 वं कलम धर्म मानायचं, पाळायचं आणि त्याचा प्रचार करायचं स्वातंत्र्य देतं. पण कर्नाटकात राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी. धर्मांतरविरोधी म्हणून ओळखलं जाणारं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्या बेळगावच्या सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीतच, डिसेंबर 2021 च्या अधिवेशनात. कायदा झाला 2022 साली. धर्म बदलणाऱ्याने 30 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे ठरावीक नमुन्यात निवेदन द्यायचं, विधी करणाऱ्यानेही महिनाभर आधी द्यायचं, आणि नंतर 30 दिवसांत पुन्हा एक निवेदन, असं त्यात आहे. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांना 3 ते 5 वर्षांची शिक्षा. समोरची व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर 10 वर्षांपर्यंत. जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळाने ठरवणं आणि कायदा पुस्तकातून जाणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून दुसऱ्या धर्मातून येत असाल तर तारीख ठरवण्याआधी वकिलाकडे जा, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात त्या वेळी काय लागतं ते विचारून घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. एखादा पास्टर “त्याची काय गरज” म्हणाला तरी जा. तुरुंगात गेला तर तो एकटा जाणार नाही.

अनुसूचित जातीच्या माणसाने आणखी एक नीट समजून घ्यायचं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, आणि पुढे 1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ही अट नाही. हा नियम न्याय्य आहे की नाही, यावर मी तासभर बोलू शकते, पण तुमच्या पोराचा कॉलेजचा प्रवेश या महिन्यात असेल तर माझ्या बोलण्याचा उपयोग नाही. आधी माहीत असू द्या, मग ठरवा.

पाणी कुठलं

पहिल्या-दुसऱ्या शतकातली ‘दिदाखे’ नावाची एक छोटी शिकवण आहे. तिच्यात लिहिलंय: वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. मला हा परिच्छेद फार आवडतो. एकोणीसशे वर्षांपूर्वीही कुणीतरी माझ्यासारखंच पाण्याची व्यवस्था बघत असणार.

जून ते सप्टेंबर नदीचं नावही काढू नका. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, सगळ्यांचं मूळ घाटात; इथं ऊन असलं तरी वर पाऊस झाला की पाणी तासाभरात चढतं. धरणाच्या खाली असाल तर पाणी कधी सोडतात ते विचारा. एप्रिल-मेमध्ये उलटं, गुडघाभर पाणी आणि शेवाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ, फक्त सकाळी आठला नको, दहानंतर. कृष्णेच्या काठी रायबाग-अथणीकडे असाल तर आधी गावकऱ्यांना मगरीचं विचारा. हसू नका, आहेत.

आदल्या दिवशी दोन पुरुषांनी पाण्यात उतरून पाहायचं: कंबरेएवढी खोली, पायाखाली वाळू की चिखल, काचा, पुढे एकदम खड्डा आहे का. शेततळं अजिबात नको. खाली प्लास्टिक, बाजू उतरत्या, एकदा पाय घसरला की वर चढता येत नाही. पायऱ्यांच्या विहिरीला माझा विरोध आहे. मत म्हणा, भीती म्हणा. मंडळीत हौद असेल तर तो सगळ्यात बरा, विशेषतः म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, फिट येणाऱ्यांना. हौदाशेजारी माइकची वायर नको, हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलंय.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आमचे पास्टर ओतून देतात. काहींना ते चालत नाही. मी झुरिकच्या त्या रात्रीकडे बोट दाखवते.

कपडे

पांढरं घालावं असं सगळ्यांना वाटतं. पांढरं ओलं झालं की आरपार दिसतं. बायकांनी गडद रंगाचा जाड सुती चुडीदार घालावा, आत पूर्ण कपडे, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन करून. साडीच नेसणार असाल तर खाली परकराऐवजी सलवार घाला आणि निऱ्या आतून पिन करा. साडी पाण्यात फुगते आणि वर तरंगते. मंडळीने पांढरे झगे दिले तरी आत गडद रंगच. पुरुषांनी लुंगी नेसू नये. कारण सांगत नाही, एकदा घडलंय.

दागिने, घड्याळ, चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र काठावर कुणाकडे तरी द्या. कोरडे कपडे, आतले कपडेसुद्धा, टॉवेल आणि ओलं घालायला प्लास्टिकची पिशवी. माझ्या बाप्तिस्म्याला मी बदलायचे कपडेच नेले नव्हते. मार्कंडेयेतून निघाले ती तशीच एसटीत उभी राहून घरी आले, डिसेंबर महिना, दात वाजताहेत, आणि कंडक्टर विचारतोय, “पाऊस कुठं लागला ओ बाई?” त्या दिवसापासून माझ्या पिशवीत जादा परकर आहे.

उपास करायची पद्धत काही ठिकाणी आहे. शुगर असेल तर करू नका, बीपीची गोळी चुकवू नका. लिमलेटच्या गोळ्या त्यासाठीच. पाळी आली असेल तर? सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच. शास्त्रात याला काही मनाई नाही. सोयीचं वाटत नसेल तर मला कानात सांगा, पुढच्या वेळी घ्या. कारण कुणी विचारणार नाही.

प्रत्यक्ष पाण्यात

जेवढा वेळ वाटतो त्याच्या दहाव्या हिश्शात संपतं. काठावर गाणं चालू असतं. नाव पुकारलं की मदतनीस हात धरून आत नेतो. बायकांबरोबर बाई असते, नसेल तर मागा. पास्टर तुमच्या बाजूला उभे राहतात. नदी असेल तर तुमची पाठ प्रवाह येतो त्या बाजूला हवी, म्हणजे डोकं वरच्या अंगाला टेकतं आणि पाणी नाकात शिरत नाही. प्रश्न विचारतात. उत्तर मोठ्याने द्या, काठावर ऐकू गेलं पाहिजे. मग पास्टर म्हणतात, “तुझ्या विश्वासाच्या कबुलीवरून मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.”

एका हाताने नाक धरा, दुसऱ्या हाताने त्याच हाताचं मनगट. तोंड बंद. गुडघे थोडे वाकवा आणि मागं रेला, खुर्चीत रेलतो तसं. पास्टरांचा एक हात मानेखाली, एक तुमच्या हातावर. अंग ताठ केलं की दोघंही पडता. पाय तळाला टेकलेले राहू द्या. दीड-दोन सेकंद, आणि वर.

पाण्याची भीती असेल तर आदल्या आठवड्यात घरी बादलीत तोंड घालून दहापर्यंत मोजायचा सराव करा. खानापूरकडच्या एका आजींनी तरी शेवटच्या क्षणी पास्टरांच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं एकदमच खाली गेले. वर आल्यावर आजी म्हणाल्या, “झालं काय? पुन्हा नको हं.” झालं होतं. एखादं कोपर किंवा केसांचं टोक वर राहिलं म्हणून बाप्तिस्मा अपुरा राहत नाही.

वर आल्यावर काही रडतात, काही हसतात, बऱ्याच जणांना काहीच वाटत नाही, फक्त थंडी वाजते. काही न वाटणाऱ्यांनी घाबरू नये. स्वर्ग उघडल्यासारखं वाटलंच पाहिजे असं कुणी ठरवलेलं नाही.

मोबाइलचं आधीच सांगून ठेवा. फोटो काढायचे तर स्वतःच्या माणसांचे, तेही कोरडे कपडे घातल्यावर. दुसऱ्या बाईचा ओल्या कपड्यातला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्याचा फोन मी हातातून काढून घेते, तो कुणाचाही मुलगा असो.

त्यानंतर

बहुतेक मंडळ्यांत त्याच दिवशी किंवा पुढच्या रविवारी उजवा हात देऊन सभासद म्हणून स्वागत होतं आणि पहिल्यांदा प्रभुभोजनात भाग घेता येतो. पुढच्या आठवड्यात एक उतार येतो, तो जवळजवळ सगळ्यांना येतो. तयारी संपलेली असते, गाणी संपलेली असतात, सोमवारी तंबाखूच्या वखारीत किंवा फौंड्रीत तेच काम, घरी तीच भांडणं. त्या आठवड्यात एकटे राहू नका. वर्गातल्या कुणाकडे तरी जेवायला जा.

दाखला मागून घ्या. पुढे चर्चमध्ये लग्न करताना, दुसऱ्या गावच्या मंडळीत जाताना तो लागतो. त्यावर तारीख, ठिकाण, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही आणि मंडळीचा शिक्का हवा. दाखल्याने सरकारी कागदावरचं नाव किंवा धर्म आपोआप बदलत नाही. आणि नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे ना, ते सही होण्याआधी बघा. इथं एकच आडनाव मराठीत एक, कानडीत दुसरं आणि इंग्रजीत तिसरंच लिहितात, आणि दुरुस्तीला याल तोवर पास्टरांची बदली झालेली असते.